उलट नोंदीचा तपशील

आमच्या रंगाच्या दुकानात दोन भाऊ भागीदार. थोरल्यांना सगळे दादा म्हणतात, धाकट्यांना भाऊ. हिशेब मी बघते. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. सॉफ्टवेअर शिकले ते त्यातलीच मदतीची पानं वाचून. त्यामुळे त्याचे रुसवेफुगवे मला सासरच्या माणसांइतके ठाऊक आहेत.

मी रजेवर असताना गल्ल्यात रोकड कमी भरली आणि दादांनी स्वतःच नोंद टाकली. भाऊंच्या नावावर उचल. तपशिलाच्या रकान्यात लिहिलं, 'न विचारता नेले.' भाऊंनी ते वाचलं आणि दुकानात यायचे बंद झाले. नंतर एका डब्याच्या झाकणाला चिकटलेली पावती सापडली. दादा जेवायला गेले असताना टेम्पोवाला रोख मिळाल्याशिवाय माल उतरवेना, म्हणून भाऊंनी गल्ल्यातून त्याला पैसे दिले होते.

आज भाऊ वह्या बघायला येणार होते. भागीदारी ठेवायची की मोडायची, ते ठरवायला.

"ताई, तेवढी नोंद काढून टाका," दादा शटर वर करता करता म्हणाले.

"निघत नाही."

"परवा एक काढलीत की माझ्यासमोर."

"ती कच्ची होती. ही पोस्ट झालीय, म्हणजे पक्की. पोस्ट झालेली पुसता येत नाही, उलटवता येते. तेवढ्याच रकमेची उलटी नोंद टाकायची, दोन्हींची बेरीज शून्य. मग खरी नोंद, वाहतूक खर्चाची."

"आणि जुनी?"

"ती राहणार तिथंच."

"एवढं महागाचं सॉफ्टवेअर, आणि साधं खोडरबर नाही त्यात."

"मुद्दामच नाही ठेवलेलं. त्या महिन्याचे कागद करसल्लागाराकडे गेले, बँकेत गेले. आता आपण ओळच गायब केली, तर ज्यांनी ज्यांनी ती वाचली ते सगळे खोटे पडतात."

"करसल्लागार पडू दे खोटा. पैसे घेतो."

"भाऊंनीही वाचलीय, दादा."

ढवळायच्या मशीनमध्ये कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा फिकट निळा रंग घुसळत होता. तो थांबेपर्यंत दादा तिकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "करा काय करायचं ते."

मी उलटवायचं बटण दाबलं. आकडे सॉफ्टवेअरनं आपणहून भरले. तपशिलाचा रकाना तेवढा मोकळा सोडला.

"काय लिहू?"

"लिहा, तांत्रिक चूक."

"मशीननं काय केलंय बिचाऱ्यानं?"

"मग तुम्हीच लिहा काहीतरी गोड."

"मी कशाला? मी रजेवर होते."

दादांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला. ठेकेदारांना बोलून बोलून घाम फोडणारा हा माणूस एका बोटानं अक्षरं शोधत बसला. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पडद्यावर उरलं ते असं: 'पैसे टेम्पोवाल्याला दिले होते. मी धाकट्याला विचारलच नाही.' मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पोस्ट करून टाकलं. मन बदलेल अशी धास्ती वाटली असावी.

भाऊ दुपारी आले. दादांना नेमकी तेव्हाच मागच्या फळीवरचे ब्रश आवरायची आठवण झाली.

भाऊंनी आधी पडद्यावर जुनी ओळ शोधली. ती होती. तिच्यावर बोट ठेवून ते जरा थांबले, मग बोट खालच्या ओळीवर आलं. एवढीशी ओळ, पण वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"'विचारलंच'वर अनुस्वार हवा," ते म्हणाले. मागे ऐकू जाईल अशा बेतानं.

"पोस्ट झालंय, भाऊ. अनुस्वारासाठी परत सगळं उलटवावं लागेल."

"नको. राहू द्या."

"शाळेतही याचं हेच," ब्रशांच्या मागून आवाज आला. "मजकूर सोडायचा आणि टिंबं मोजायची."

"तू गाळायचास म्हणून."

भाऊंची नजर फळ्यांवरून फिरली.

"पांढरा प्रायमर संपत आलाय."

"तो तू मागवायचास."

"किती मागवू?"

दादा ब्रशांचा गठ्ठा छातीशी धरूनच बाहेर आले, आणि किती मागवायचा यावरून दोघांची जुंपली. माझी तिसरी नोंद अजून राहिली होती. मी वाहतूक खर्चाचं खातं उघडलं.