ब्रेक दाबायला कोणीतरी

कारखाना सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीत सगळे त्यांना फोरमनच म्हणत. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तो कारखाना पाहिलाही नव्हता. पण माणूसच तसा होता. घरातला नळ गळायला लागला की प्लंबर दारात यायच्या आधीच फोरमनांनी प्लंबरच्या चुका शोधून ठेवलेल्या असायच्या.

त्यांची बायको जनावरांची डॉक्टर होती. गावाबाहेरच्या गोठ्यांवर, टेकड्यांवरच्या मेंढवाड्यांवर तिला रोज जावं लागे, आणि चिखलात रुतणार नाही अशी गाडी तिला हवी होती. म्हणून तिने कुणा श्रीमंताने वापरून सोडलेली एक थोरली, उंच गाडी घेतली. चामड्याच्या सीटा, दारांना लाकडी पट्ट्या, काचेसारखा चकाकणारा रंग. पहिल्याच आठवड्यात मागच्या सीटवर एक आजारी वासरू बसून गेलं आणि त्या सगळ्या थाटाची रया गेली. फोरमनांनी नाक मुरडलं ते कायमचं. घरातली बाकीची यंत्रं त्यांची आणि गाडी तिची, अशी वाटणी आपोआप झाली. तिला किल्ली देण्यापुरताच त्यांचा गाडीशी संबंध.

मग ती गेली. आजारपण फार लांबलं नाही. लोकांना कळवायचं, दवाखान्यातून कागद आणायचे, सगळं मुलीने केलं; फोरमन नुसते खुर्चीत बसून होते. मुलगी दूरच्या शहरात परत गेल्यावर फोनवर एकच धोशा लावायची, "बाबा, ती गाडी विकून टाका. कशाला जागा अडवून ठेवायची?" फोरमन "बघू" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

बॅटरी उतरू नये म्हणून ते मधूनमधून गाडी काढू लागले. निदान स्वतःला तरी असंच सांगत. शहराबाहेरच्या रस्त्यावर जाऊन वळून परत यायचं, बस. त्यातच त्यांच्या लक्षात आलं की वेग जरा वाढला की पायाखाली थरथर सुरू होते आणि गाडी मागे घेताना खालून 'टक्' असा आवाज येतो, कोणीतरी जिन्यावर काठी आपटावी तसा. कारखान्यात असले आवाज ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. गाडीखाली आडवं होऊन त्यांनी मधला शाफ्ट हाताने हलवून पाहिला. पुढच्या यंत्राचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा तो लांब पोलादी दांडा. त्याचा सांधा झिजून ढिला पडला होता आणि मधल्या बेअरिंगचं रबर फाटून लोंबत होतं.

गॅरेजवाल्याने मात्र हात वर केले. गाडी जुनी, असला माल आता कोणी ठेवत नाही, भंगारात घाला आणि सुटा, असं तो म्हणाला. फोरमनांना ते फार लागलं. का लागलं ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. घरी येऊन त्यांनी चार ठिकाणी चौकशी केली आणि नवा शाफ्ट मागवला. माणसाच्या उंचीचं ते खोकं बैठकीत आडवं पडून राहिलं. येता-जाता त्याला वळसा घालावा लागे, आणि बऱ्याच दिवसांनी घरात कोणी पाहुणा आल्यासारखं वाटे.

काम त्यांनी एकट्याने करायला घेतलं. मागची चाकं जॅकने उचलून गाडी स्टँडवर ठेवली, बोल्टांवर तेल मारून ते रात्रभर मुरू दिलं. सकाळी पाना लावला तर बोल्टसकट अख्खा शाफ्टच फिरायला लागला. तो जागच्या जागी धरून ठेवायचा तर ब्रेक दाबलेला हवा. आणि पुढचा बोल्ट समोर आणायचा तर ब्रेक सुटलेला हवा. म्हणजे गाडीखालून सरपटत बाहेर या, हँडब्रेक ओढा, परत खाली जा, बोल्ट ढिला करा, बाहेर या, हँडब्रेक सोडा, चाक फिरवा, पुन्हा खाली. दोन बोल्टांतच फोरमनांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. तिसऱ्याला पाना निसटून बोटाचं साल निघालं. गाडीखाली उताणे पडून ते वरच्या गंजक्या पत्र्याकडे बघत राहिले. कारखान्यात नुसती मान वळवली की चार माणसं धावत यायची. इथे वर बसून ब्रेकवर पाय ठेवायला एक माणूस हवा होता, आणि कोणाला हाक मारावी हे त्यांना आठवेना. शेजारी होते, पण त्यांच्याशी "गेट लावून घ्या" यापलीकडे बोलणं नव्हतं.

शेवटी त्यांनी कंपाउंडरला फोन केला. हा गृहस्थ बायकोच्या हाताखाली कितीतरी वर्षं होता. तिच्याबरोबर याच गाडीतून गावोगाव फिरायचा. ती गेल्यावर त्याने ती नोकरी सोडली आणि शहरातल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात लागला. फोरमन आणि तो एकमेकांना दारातून ओळखत, इतकंच.

कंपाउंडर दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाला. गाडीपाशी आला आणि सवयीने ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

"तिकडे नाही," फोरमन म्हणाले. "इकडे. ब्रेक दाबायचाय."

कंपाउंडर उतरला, वळसा घालून आला आणि उघड्या दाराशी उभा राहिला. "इथे मी कधी बसलो नाही, साहेब."

"मग आज बसा."

तो बसला खरा, पण काठावर टेकल्यासारखा. सीट पुढे सरकवलेली होती. त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. बायको बुटकी होती आणि फोरमनही गाडी चालवताना तसेच अंग चोरून बसत. सीट मागे घ्यायचं त्यांनी टाळलं होतं. कंपाउंडरनेही सीटला हात लावला नाही.

मग काम सुरू झालं. खालून फोरमन म्हणायचे, "दाबा." बोल्ट करकरत सुटायचा. "सोडा." चाक हाताने फिरवून ते पुढचा बोल्ट समोर आणायचे. दाबा, सोडा. मधल्या शांततेत कंपाउंडर वरून बोलत राहिला, समोरच्या काचेशी बोलावं तसा. डॉक्टरबाई गाडीत गुणगुणायच्या, पण गाण्याचे शब्द स्वतःचेच, बहुतेक पेशंट गाईबद्दलचे. तलावाच्या वळणावर थांबून डबा खायच्या आणि आपल्यातली भाजी त्याला द्यायच्या. एकदा रस्त्यावर मेंढ्या आडव्या आल्या तर खाली उतरून मेंढपाळापेक्षा जोरात ओरडल्या होत्या.

फोरमन ऐकत होते. घरात ती कधी गुणगुणत नसे. निदान त्यांना आठवत नव्हतं. घरातली ती थकून आलेली, पायातले बूट दाराबाहेर काढणारी, जेवताना पेंगणारी. या माणसाने पाहिलेली बाई कोणी दुसरीच होती, आणि तिच्याशी त्यांची ओळख राहूनच गेली होती. आपल्याला या साध्या माणसाचा हेवा वाटतोय हे कळल्यावर ते स्वतःवरच चिडले आणि पान्यावर सगळा भार टाकला.

"हा आवाज तेव्हापासूनच होता," कंपाउंडर म्हणाला. "मी म्हटलं होतं त्यांना, साहेबांना दाखवा."

"मग?"

"म्हणाल्या, त्यांना सांगितलं की ते गाडी उघडून बसतील आणि मला महिनाभर घरी बसवतील. हळू चालवू आपण."

फोरमनांना हसू आलं. अगदी खरं होतं ते. त्यांनी महिनाभर गाडी उघडून ठेवलीच असती. पण हसू तोंडातच विरलं, कारण गाडीखालच्या त्या अरुंद जागेत, तेलाचे थेंब चुकवत, ते कोणाकडे बघून हसणार होते?

जुना शाफ्ट उतरवायला कंपाउंडरही खाली आला. एकाने एक टोक धरलं, दुसऱ्याने दुसरं. तो वजनदार दांडा छातीवर येऊन बसला तेव्हा दोघेही धापा टाकत क्षणभर तसेच पडून राहिले. नवा चढवताना जास्त वेळ गेला. भोकं जुळेनात, मग जुळली. फोरमनांनी प्रत्येक बोल्ट आवळून पुन्हा एकदा तपासला. हात धुताना कंपाउंडरने साबण त्यांच्या पुढे धरला, आधी तुम्ही, म्हणून.

फोरमन त्याला घरी सोडायला गेले. गाडी लोण्यासारखी चालत होती. दारात कंपाउंडरची बायको आणि दोन नाती उभ्या होत्या. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, असा आग्रह झाला. फोरमन कपडे तेलकट असल्याचं निमित्त सांगून निघाले. आरशात त्या नाती कंपाउंडरच्या दोन्ही हातांना लोंबकळताना दिसल्या.

घरी जायचं जिवावर आलं. त्यांनी गाडी टेकड्यांच्या रस्त्याला वळवली. तलावाचं वळण आलं तसं त्यांना वाटलं, थांबावं; पण सोबत डबा नव्हता आणि थांबून करायचं काय हेही कळेना. ते पुढे गेले. चढाच्या टोकाला दगडी कुंपणाचा एक मेंढवाडा होता. गाडी दिसताच आतून एक म्हातारी लगबगीने आली, हात वर करून, तोंडभर हसत. फोरमनांना बघून तिचा हात अर्ध्यावरच थांबला.

"डॉक्टरबाई कुठायत?" तिने काचेतून आत डोकावून विचारलं. "कित्ती दिवसांत आल्या नाहीत. तो नवा पोरगा येतो, त्याला विचारलं तर म्हणतो, मला काही माहीत नाही. आजारी आहेत का?"

फोरमनांनी गाडी बंद केली. आजवर ही गोष्ट त्यांना कोणाला सांगावीच लागली नव्हती. सगळ्यांना मुलीने कळवलं होतं. त्यांच्यासमोर आलेली माणसं आधीच चेहरा पाडून आली होती.

"ती गेली," ते म्हणाले. आवाज नीट निघाला नाही म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, "माझी बायको गेली, आजी. दीड वर्ष झालं."

म्हातारीने दाराच्या लाकडी पट्टीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मागे मेंढ्या ओरडत होत्या. मग ती म्हणाली, "आणि आम्ही रागावलो होतो हो त्यांच्यावर. विसरल्या म्हणून."

ती आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. फोरमन कुंपणाच्या दगडावर बसले. डॉक्टरबाईंनी पोटात हात घालून वाचवलेली मेंढी कोणती, ते म्हातारीने बोटाने दाखवलं. कळपात सगळ्या सारख्याच दिसत होत्या, पण फोरमनांनी ती नीट पाहून घेतली. ऊन उतरायला लागलं तेव्हा म्हातारीने विचारलं, परत कधी येणार?

"मला जनावरांतलं काही कळत नाही," फोरमन म्हणाले.

"कोणी विचारलंय?" ती म्हणाली आणि मेंढ्या आत घ्यायला निघून गेली.

फोरमनांनी तांब्या कुंपणावर पालथा ठेवला. गाडी मागे घेतली तेव्हा खालून काहीच आवाज आला नाही. काम चोख झालं होतं. ते त्यांना कोणालातरी सांगायचं होतं, आणि उताराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ते शेजारच्या रिकाम्या सीटकडे दोनदा वळून बघून चुकले होते.