सहा की आठ

वांग्याच्या पानांवरचे फिके ठिपके फुलकिड्यांचे ठरले असते, तर सासऱ्यांचा फायदा घसघशीत होता: चाळीस वर्षांचा दरारा शाबूत, औषधाची बाटली घरात तयार, आणि सुनेच्या तीन दिवसांच्या शेती-प्रशिक्षणातली हवा आपोआप गेली असती. पानातला रस शोषणारी बारीक कोळी कीड ठरली असती, तर सुनेच्या पदरात वांग्याच्या तीस ओळी पडणार होत्या, त्याही जगल्या तर.

सासरे बाटली घेऊन निघाले, तशी ती आडवी आली.

“बाबा, ह्या औषधानं कोळी मरत नाही. त्याला खाणारे किडे तेवढे मरतात. आठवड्यात सगळ्या झाडांवर जाळी धरेल.”

“तुझ्या जन्माआधीपासून वांगी लावतोय मी.”

“वांग्यांना कुठे ठाऊक आहे ते!” पायरीवर शेंगा सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं पान उलटं करून भिंग पुढे केलं. “फुलकिड्याला पाय सहा, कोळ्याला आठ. मी मोजलेत. तुम्ही बघा.”

सासऱ्यांनी भिंग पुढे नेलं, मागे आणलं. त्यांना पेपरातले मथळेच तेवढे दिसतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं.

“सहा,” ते म्हणाले.

“आठ आहेत, बाबा.”

“सहा म्हणजे सहा!”

“दिसत नसेल तर तसं सांगा की,” सासूबाई म्हणाल्या.

“तू गप बस गं.”

त्यांचं मन राखायला सुनेनं पुन्हा भिंग लावलं. बारीक जाळीत काचेच्या मण्यांसारखी अंडी होती, आणि त्यांच्याशेजारी एक फिकट कण चालत होता. तिनं पाय मोजले. परत मोजले. सहाच. नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहा पाय असतात, उरलेले दोन नंतर फुटतात, हे तिनं वहीत लिहून घेतलं होतं. पाहिलं मात्र आज.

“बाबा, तुम्हाला कोळ्याचं पिल्लू दिसलं! मला नव्हतं दिसलं.”

“म्हणजे मी बरोबर.”

“तुम्ही बरोबर. किडा मात्र माझा.”

सासूबाईंना हसू आवरेना. सासऱ्यांनी बाटली फळीवर ठेवली. “मग तुझं ते कोळ्याचं औषध आण. पिल्लं निघतायत, उशीर नको.”

दहा दिवसांनी नवी पानं स्वच्छ फुटली. सव्वीस ओळी वाचल्या. बांधाकडच्या चार मात्र जाळ्यात गुरफटून वाळल्या. सून त्या उपटायला वाकली, तर सासऱ्यांनी तिला मागे सारलं.

“सोड. ह्यांच्यावर मी माझं औषध आधीच मारलं होतं, तुला न सांगता. ह्या चार माझ्या.”

आणि गुडघे टेकून ते एकेक झाड उपटत गेले.