मातीच्या भाकरी

पोरं पाढे धडाधड म्हणत. पण सातातून दोन काढले तर उरतं काय, असं विचारलं की एकमेकांची तोंडं बघत. अंक फोडून बघायची त्यांना सवयच नव्हती. केजच्या निजाम सरकारच्या मदरशात उर्दूत काय शिकवत असतील, मला ठाऊक नाही. आमची शाळा खाजगी, मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरणारी. जागा आणि माझी वर्षाची ज्वारी पाटलांची, म्हणजे अर्जुनरावांची. त्यांनी बजावलं होतं, "पाडव्याला मी सोता इचारनार मास्तर. न्हाई जमलं तर पाटोद्याचा पंतोजी आनतो." आधीच्या दोन गावांत माझा टिकाव लागला नव्हता. हे गाव सुटलं असतं तर जायला जागा नव्हती.

म्हणून मी एक युक्ती काढली. पोरांकडून ओल्या मातीच्या चिमुकल्या भाकरी करवून घेतल्या. समोर पळसाची दोन पानं मांडली. एक बापाचं, एक मामाचं. सात भाकरी दोघांना वाढा, किती प्रकारे वाढता येतील ते बघा. पोरं रमली. पाच नि दोन, सहा नि एक, हे झटक्यात येई. चार नि तीन मात्र कोणीच करीना. सहाचे सारखे भाग तर कोणालाच जमेनात. माझं शिकवणं कच्चं राहिलं, असंच मी धरून चाललो.

पाडव्याला अर्जुनराव आले. गावातली चार माणसंही येऊन टेकली. अर्जुनरावांनी आपल्या नातीलाच, सारजाला, पुढं बोलावलं.

"ह्या सहा भाकरी. मला अन मास्तरला सारख्या वाढ."

सारजानं दोन इकडं, दोन तिकडं ठेवल्या. उरलेल्या दोन हातात धरून ती उभी राहिली.

"वाढ की बाई. आजा उपाशी हाय."

"पुरं झालं."

"कावून?"

"तीन न्हाई वाढायच्या. आजी लई मारती."

माणसं खो-खो हसली. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. ताटात तीन भाकरी वाढत नाहीत, अशुभ असतं, हे मलाही लहानपणापासून माहीत होतं. तरी मी पोरांपुढं ताटंच मांडली होती.

अर्जुनराव हसले नाहीत. "म्हंजे वरीसभरात पोरीला सहाचे दोन भाग येईनात."

मी पानं बाजूला केली, धुळीत दोन गोल काढले नि सहा खडे सारजाच्या हातात दिले. "ही वासरं. दोन गोठ्यांत सारखी बांध."

तिनं तीन नि तीन खडे ठेवले. विचारसुद्धा केला नाही.

अर्जुनरावांनी खाली वाकून सातवा खडा टाकला. "आता?"

"एकीकडं चार, एकीकडं तीन." मग म्हणाली, "न्हाईतर पाच नि दोन. पर मंग गर्दी हुती."

अर्जुनराव उठले, धोतर झटकलं.

"पाटोद्याला नगं म्हनून सांगतो. पर मास्तर, भाकरीचं आमच्या बायांकडंच ऱ्हाऊ द्या."

पोरं खडे वेचायला ओढ्याकडं पळाली. उद्या आठाचे भाग घ्यायचे होते. ते वासरांनीच घ्यावेत की आणखी कशानं, हे माझं अजून ठरत नव्हतं.