जपून वापरा

"टाच टेकव, अर्पिता. अजून थोडी."

टाच टेकली नाही. पाच वर्षांची अर्पिता टेबलाची कड धरून चवड्यांवर उभी होती. टाच आणि फरशी यांच्यामधून सुकेशनीचे बोट सहज सरकले. तिने मुलीला उताणे निजवले, घोट्याला कोनमापक लावला आणि पाऊल वर दाबून पाहिले. काटकोनाला आठ अंश कमी. सहा महिन्यांपूर्वी हेच पाऊल काटकोनाच्या पाच अंश पलीकडे जात होते. टाचेमागची शीर आखडत चालली होती, आणि जी शीर हाताने ताणली जात नाही ती सर्जनच्या हाती जाते. या महिन्याचे माप पाहूनच शस्त्रक्रियेचे ठरवू, असे सर्जन म्हणाले होते. माप आता झाले होते.

सुकेशनी चौदा वर्षे सेलूतल्या एका संस्थेच्या केंद्रात हातपाय आखडणाऱ्या मुलांवर फिजिओथेरपीचे उपचार करत होती. मोजल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. ताईत, अंगारा, चोळायचे तेल, हमखास गुण देणारा बाबा, या साऱ्यांना तिचा एकच प्रश्न असे: किती अंशांनी? त्यामुळे माप घसरू लागले तेव्हा कारण शोधायला तिला वेळ लागला नाही. फाइलीत सलग पाच नोंदींखाली तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेले होते, 'घरी व्यायाम होत नाहीत.'

"निकिता, खरं सांग," ती मुलीच्या आईला म्हणाली, "कुठल्या बाबाकडं नेलं होतं का हिला?"

"न्हाई ओ मॅडम. सासूबाई म्हन्ल्या व्हत्या, येलदरीकडं एकजन उतारा देतो म्हून. मीच न्हाई म्हनले. मॅडमचं चालू हाय, दोन्ही नको."

"आणि व्यायाम?"

"दोन टाईम. सकाळी सैपाकाच्या आधी अन् दिवेलागनीला. तुमी दाखवला तसा, तीस मोजून. आता पोरगीच मोजती."

अर्पिताने लगेच एकापासून सुरुवात केली. सव्वीसवर अडखळली, आईकडे पाहिले आणि एकदम तीसवर उडी मारली.

"चोट्टी हाय," निकिता हसली. "पाय दुखला की असंच करती."

सुकेशनीने फाइलीतली ती ओळ पुन्हा वाचली. ज्या घरात व्यायाम होत नाहीत, त्या घरातल्या मुलीला तीन आकडे चोरण्याची गरज पडत नाही.

"बूट आज बसना गेलेत मॅडम," निकिता म्हणाली, "म्हून हातातच आनले."

बूट म्हणजे स्प्लिंट. पोटरीपासून बोटांपर्यंतचे पांढऱ्या प्लास्टिकचे साचे, दिवसाचे सहा तास पाऊल काटकोनात धरून ठेवण्यासाठी. सुकेशनीने एक हातात घेतला. महिनाभर वापरला की वेल्क्रोच्या पट्टीत केस अडकतात, कापसाचे तंतू, गवताची कुसळे, शेळी असेल तर शेळीचे केस. तळ अंगणात घासून करडा होतो. या पट्टीत काही नव्हते. तिने साचा उलटा केला. तळावर मापाची कागदी चिठ्ठी चिकटवलेली होती, एकही कड न उचललेली.

"हे रोज घालतेस ना?"

"घालते की. हितं यायच्या दिवशी."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"पेटीत. कपड्यात गुंडाळून, हिफाजतीनं." निकिताच्या आवाजात अभिमान होता. "ह्यांनी एकदा म्हन्लं, घाल की पोरीला, अंगनात फिरंल. म्या हात लावू दिला न्हाई. तुमीच म्हन्ल्या व्हत्या, जपून वापरा."

ती म्हणाली होती. पट्टी फार आवळू नका, कातडीवर लाल चट्टा उठतो का बघा, उन्हात टाकू नका, एवढे सगळे तिने त्या दोन शब्दांत कोंबले होते. जिथे चांगले लुगडे लग्नालाच निघते, तिथे जपणे म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायला नको होते. तिच्या स्वतःच्या आईचा चष्मा फक्त विहारात जाताना डोळ्यांवर चढत असे.

"अन् मागल्या बारीला सगळ्या बायांपुढं म्हन्ल्या, बूट कसे ठेवावेत ते हिच्याकडून शिका. मी सासूबाईला बी सांगितलं."

हेही खरे होते.

"निकिता, हे रोज घालायचे होते," सुकेशनी म्हणाली. "सहा तास. झिजले असते, तुटले असते, तरी चाललं असतं. नवे करून दिले असते."

निकिताने एकदा साच्याकडे पाहिले, एकदा मुलीच्या टाचेकडे.

"म्हंजे आता आपरेशन?"

"बहुतेक."

"म्हंजे माझंच चुकलं."

"नाही. माझं चुकलं. मी नीट सांगितलं नाही, आणि नंतर बघितलंही नाही."

रडू आवरताना माणूस हसते तशी निकिता हसली. "लय मोठ्या मनाच्या हायत तुमी. माझ्या अडानीपनावर पांघरून घालायलात."

सुकेशनीने पुन्हा सांगितले. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तिचे मन आणखीच मोठे ठरले.

निकिताने लेकीला कडेवर घेतले, दारात चपला घातल्या आणि मागे न पाहता गेली. सुकेशनीने फाइलीतल्या पाचही ओळी खोडल्या. खाली लिहिले, 'व्यायाम नियमित. स्प्लिंट वापरले नाहीत. सूचना चुकीची दिली गेली.' शेवटच्या दोन शब्दांकडे ती पाहत राहिली. मग तेही खोडले आणि वर लिहिले, 'मी दिली.'

"येऊ का मॅडम?"

बाकावरची पुढची बाई आत आली. पाथरीकडची केशरबाई. तिने नातीला चटईवर बसवले, पिशवीतून धुतलेल्या टॉवेलात बांधलेले गाठोडे काढले आणि दातांनी गाठ सोडवली. आतला बुटांचा जोड पांढराशुभ्र होता. तिने पदराच्या टोकाने पट्टीवरची नसलेली धूळ पुसली, जोड सुकेशनीसमोर टेबलावर ठेवला आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिली.