भिंगरीच्या हातातला माऊस

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. शेपटीवाला, म्हणजे वायरचा. नाव उंदराचं असलं तरी मांजरं मला हुंगतात आणि कंटाळून निघून जातात.

कारखान्यातून मी थेट एका चष्म्याच्या दुकानात आलो. दुकानाचे मालक, म्हणजे बाबा, बिल करताना मला इतके जपून सरकवत, जणू मीही काचेचाच आहे. ते माझे सुखाचे दिवस. मग त्यांची मुलगी डिझाइन शिकू लागली आणि दुकानातल्या कॉम्प्युटरसकट मी तिच्या ताब्यात गेलो. घरात तिला भिंगरी म्हणत. का म्हणत, ते माझ्या चाकाला विचारा!

कॉलेजात तिला एका खऱ्या दुकानाची पाटी करायची होती. बाबा हौसेने म्हणाले, "आपलीच कर की. जुनी पार विटलीय."

झालं! भिंगरीचा जीव थाऱ्यावर राहीना. अशातच तिला एका जाहिरात कंपनीची वेबसाइट सापडली. पांढरंशुभ्र पान, भरपूर मोकळी जागा आणि मधोमध राखाडी, नाजूक अक्षरं. ती पानं तिने इतक्यांदा वरखाली केली, की माझं चाक करकरू लागलं. स्वतःचं काही काढायची, पुसायची, पुन्हा तिकडे धावायची. "असं मला का सुचत नाही?" म्हणत मला टेबलावर आपटायची. अडलेलं तिचं डोकं आणि मार माझ्या पाठीला!

शेवटी तिने हुबेहूब तशीच पाटी केली. बाबांनी ती कौतुकाने लावली. पण दुसऱ्याच दिवशी एक आजी तुटका चष्मा हातात धरून दारात थबकल्या आणि तिलाच विचारू लागल्या, "बाळा, इथे चष्म्याचं दुकान कुठंय गं?"

भिंगरीचा चेहरा खर्रकन उतरला. आजी चष्मा दुरुस्त करून घेऊन गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "पाटी छानच आहे गं. फक्त ती वाचायला आधी चष्मा लागतो."

ती हसली नाही. माझ्याजवळ येऊन बसली आणि पुन्हा तीच वेबसाइट उघडली. या वेळी तिने रंग पाहिले नाहीत, तिथली एकेक जाहिरात वाचली. "हे सगळे कुणाशी तरी बोलतायत," ती पुटपुटली. "मी कुणाशी बोलत होते?"

मग तिने स्वतःचा जाड चष्मा काढून ठेवला आणि मला घट्ट धरलं. अक्षरं ताणली, काळीभोर केली, पुन्हा ताणली. उघड्या डोळ्यांना दिसेल असा एकच शब्द पडद्यावर उरला: चष्मा.

"बाबा, तुमचाही काढा. दिसतंय?"

"दिसतंय."

"मागे सरका. अजून."

धाडकन आवाज झाला. "अक्षर दिसतंय गं," बाबा कळवळले, "स्टूल नाही दिसलं!"

तेव्हा कुठे भिंगरी खळखळून हसली. अक्षरांच्या त्या ओढाताणीत माझं डावं बटण मात्र निकामी झालं.

नवी पाटी लागली. आता लोक न विचारता आत येतात, पाटीचं कौतुक करतात. टेबलावर नवा, बिनशेपटीचा माऊस आलाय. मी खणात स्क्रू आणि चष्म्यांच्या मोडक्या दांड्यांत पडून आहे, पण चाकाची चुळबुळ काही थांबत नाही. बाबा रोज खण उघडतात, एखादी दांडी उचलतात आणि जोडून कुणाच्या तरी नाकावर परत पाठवतात.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुन्याला खणात टाकण्याआधी एकदा उघडून तरी बघा. बिघाड कधीकधी एका बटणाएवढाच असतो.