मुख्य की सहाय्यक

"सहाय्यक," निर्माता म्हणाला आणि त्यानं चहाचा कप पुढं सरकवला. "सहाय्यक अभिनेत्रीच्या गटात बक्षीस तुमच्या खिशात आहे, माई. परीक्षकांमध्ये कुजबुज चाललीय, मला आतून कळलंय."

माईनं कपाला हात लावला नाही. "आणि मुख्य अभिनेत्री कोण?"

"अर्थात आपली हिरॉइन."

हिरॉइन म्हणजे सिनेमातली धाकटी सून. सिनेमा होता एका घराचा. नवरा गेल्यावर मुलं घर विकायला निघतात आणि म्हातारी आतून कडी लावून बसते. ती म्हातारी माईनं केली होती. पोस्टरवर मात्र सुनेचा चेहरा मोठा होता आणि म्हातारी मागं धूसर.

"सहाय्यक कशी?" माई म्हणाली. "नवरा माझा मेला, घर माझं विकायला काढलं, कडी मी लावली. मी सहाय्य कुणाला केलं?"

"तिच्या नावावर तिकिटं विकली जातात, माई."

"जाऊ देत की. तिकिटं तिच्या नावावर, गोष्ट माझ्या."

निर्माता हसला, मग हसायचा थांबला. "मुख्य गटात तुम्ही पडणार. तिची मतंही खाणार. दोन्हीकडून आमचं नुकसान. आणि पुढच्या सिनेमात आईचं काम आहे, तेही तुमच्यासाठीच ठेवलं होतं."

"ते दुसऱ्या आईला द्या. आयांना काय तोटा?" माई उठली. "माझ्या होकाराशिवाय माझं नाव जात नाही, एवढं मला ठाऊक आहे. मुख्य गटात पाठवा, नाहीतर पाठवूच नका."

तिला माई म्हणायला लागले तेव्हा ती तिशीतच होती. केसांना पावडर लावून ती एका हिरोची आई झाली. तो हिरो तिच्याहून वयानं मोठा होता. मग आईपण चिकटलं ते चिकटलंच. 'बाळा, जेवलास का?' हे वाक्य तिनं इतक्या सिनेमांत म्हटलं होतं, की सेटवर पोरं तिला बघूनच "जेवलो, माई" म्हणायची. खोकून मरण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता. बहुतेक वेळा मध्यंतराच्या आत तिचा फोटो भिंतीवर लागायचा. या सिनेमात पहिल्यांदाच ती शेवटपर्यंत जिवंत राहिली होती.

घरी लेक दवाखान्यातल्या कामावरून येऊन भाजी चिरत बसली होती. सगळं ऐकून तिनं सुरी खाली ठेवली.

"आई, हट्ट कशाला? आयतं बक्षीस येतंय. त्यावर 'सहाय्यक' लिहिलंय का, कोण बघायला जातंय?"

"मी बघीन ना. रोज पुसताना."

लेकीनं पुन्हा सुरी उचलली. "मग काम बंद झालं तर माझ्या नावानं ओरडू नकोस."

"ओरडेन. तुझ्या नावानं नाही ओरडायचं तर कुणाच्या?"

दोघी हसल्या. पण त्या आठवड्यात फोन वाजला नाही. पुढच्याही नाही. ठरलेलं एक काम गेलं, मग दुसरं. माईनं खिडक्यांचे गज घासले, जुनी गादी उसवून पुन्हा शिवली. एका दुपारी हिरॉइन स्वतः दारात उभी राहिली.

"माई, मी माझं नाव मागं घेऊ?"

"खबरदार! उपकार नकोत मला. तू तुझं लढ, मी माझं लढते. ये आत, उन्हात उभी राहू नकोस."

शेवटी निर्मात्यानं दोघींचीही नावं मुख्य गटातच पाठवली, आणि शेवटच्या पाचांत दोघीही आल्या.

सोहळा दुपारचा होता. आधी सहाय्यक अभिनेत्रीचं बक्षीस पुकारलं. दुसऱ्याच सिनेमातली एक मुलगी धावत मंचावर गेली. पुढच्या रांगेतून निर्मात्यानं मान वळवून माईकडं पाहिलं. माई टाळ्या वाजवत होती.

मग मुख्य. पाच कॅमेरे पाचजणींच्या तोंडासमोर आले. नाव पुकारलं गेलं, ते ना माईचं होतं ना हिरॉइनचं. बाकीच्या हरलेल्या लगेच गोड हसल्या. माई हसली नाही. तिचा चेहरा पडला आणि तिनं तो तसाच कॅमेऱ्यासमोर राहू दिला. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेल्या जागी ती हसली आणि रडली होती. आज कुणी सांगणारं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर निर्मात्यानं तिला गाठलं. "दोन्ही गेली. झालं समाधान?"

"नाही झालं," माई म्हणाली. "फार वाईट वाटतंय. पण मुख्य अभिनेत्री म्हणून वाटतंय."

निर्मात्यानं गाडीकडं हात केला. "सोडू घरी?"

"नको. बस आहे."

थांब्यावर सावली नव्हती. सोहळ्याला सोबत आलेल्या लेकीनं आईची पर्स स्वतःकडं घेतली. माई रस्त्याकडं पाठ करून थोडी रडली. खांदे हलले तेवढंच. बस दिसली तशी तिनं तळहातानं डोळे पुसले, फुटपाथ सोडून खाली उतरली आणि हात एवढा उंच केला, की ड्रायव्हरनं लांबूनच वेग कमी केला.