मंगळवारपर्यंतची कानबाई

खोली पाडायला पालिकेवाले सोमवारी येणार होते आणि कोर्टाची तारीख मंगळवारची. वकील म्हणाला, "उषाबाई, एवढा एक दिवस खोली उभी ठेवा. पडलेल्या घराला स्टे मिळत नाही." सांगायला त्याच्या बापाचं काय जातं. बुलडोझर काय मी पदरानं अडवू?

खोली म्हणजे तापीकाठच्या बंद डाईंग मिलच्या चाळीतली. माझा नवरा पंडित त्याच मिलमध्ये रंगाच्या वाफेत छाती जाळून बसला. आता पालिका आणि एक संस्था मिळून तिथं बाग करणार, फिरायचा रस्ता करणार, मिलच्या शेडमध्ये वाचनालय काढणार. आम्हाला शहराबाहेर पलसाण्याकडं घर देणार म्हणे, पण ते अजून बांधायचंय. तोवर दम्याचा माणूस घेऊन मी कुठं जाऊ, ते कुणी सांगत नाही. संस्थेची मयुरी तेवढी गोड बोलते. इथंच उधन्यात वाढलेली, पण मूळची आपल्या खान्देशातलीच पोर. माझ्या हातचे फुणके खाऊन गेलीय.

नेमकी आदल्या दिवशी, रविवारी, आमच्याकडं कानबाई बसली, आम्हा खान्देशी लोकांची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी नदीवर तिची बोळवण असते. गावाहून माझी मोठी जाऊ सरलाबाई आल्या, भाऊबंद आले, रोटांचा नैवेद्य झाला. चौरंगावर नथ घातलेली आई बघता बघता माझ्या डोक्यात आलं, हिला मंगळवारपर्यंत उठवायचीच नाही. बसलेल्या देवीच्या डोक्यावरचं छप्पर काढायची कुणाची छाती होईल?

सोमवारी पालिकेची गाडी आली. मी उंबऱ्यात ठाण मांडलं. म्हटलं, आत आई बसलीय. साहेबांनी वाकून पाहिलं, बूट काढले, हात जोडले आणि मागं जाऊन उभे राहिले. मला वाटलं, जिंकले.

पण ऊन चढलं तशा सरलाबाई उठल्या. "उषा, आई पाव्हनी शे. तिले कोंडू नको."

मी त्यांचे पाय धरले. "बाई, एकच रात्र. पाप लागलं तर मला लागू द्या."

"तुले एकलीले नही लागत. आख्ख्या कुळले लागस."

एकाही भाऊबंदानं माझी बाजू घेतली नाही. पंडितसुद्धा जमिनीकडं बघत म्हणाला, "जाऊ दे आईला. मी बसतो इथं."

ज्या घरी देवी बसते त्या घरच्या बाईनंच चौरंग डोक्यावर घ्यायचा. सरलाबाईंनी तो माझ्या डोक्यावर ठेवला. बाया गाणी म्हणत निघाल्या. हीच तापी आमच्या मुलखातून येते म्हणून मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, आज मेलीचं तोंड बघवत नव्हतं. बोळवण झाली. रिकाम्या चौरंगावर ओली वाळू घेतली. ती घरी नेऊन देवीच्या जागी ठेवायची, मग सण संपतो. वाटेत ती कुठं टेकवायची नसते.

परत येताना गल्लीच्या तोंडाशीच मशीनचा आवाज ऐकू आला.

पंडित रस्त्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत होता, हातात चहाचा ग्लास. शेजारी सिलिंडर, गोधड्या, भांडी नीट रचलेली. मयुरी धावत आली. "काकू, काकांना धूळ सोसत नाही म्हणून मी बाहेर बसवलं. एक ताटली फुटू दिली नाही. साहेब तर सकाळीच सुरू करणार होते. मीच म्हटलं, आज बोळवण असते, आई उठेपर्यंत तरी थांबा."

पोरगी चांगल्या मनानंच सांगत होती. तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण माझे दोन्ही हात चौरंगाला होते.

खोलीच्या जागी विटा होत्या. देवी बसली होती तिथली भिंत तेवढी अर्धी उभी होती, तीही माझ्यादेखत पडली. वाळूचं पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं. सरलाबाईंच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"उतराव उषा," त्या हळूच म्हणाल्या. "मान मोडी जाई."

"घरातच उतरवायची असते ना, बाई?" मी म्हटलं. "दाखवा मग, कुठं उतरवू."